दोघांत पाच जणांचा पोवाडा : कोल्हापुरातल्या एका जोडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ही जोडी कोल्हापूरची, एक गायिका आणि एक वादक. दोघं तिशीच्या आतबाहेरचे. त्यांची नावं, गावं आणि कार्यक्रम ठेवणाऱ्या संस्थेचं नाव इथे गाळलं आहे. गाणी, वाद्यं, आकडे आणि निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच आहे.

गायिका ख्याल शिकलेली. तिच्या आजोळी, कागल तालुक्यातल्या एका गावात, दोन म्हाताऱ्या अजून जात्यावरच्या ओव्या म्हणतात. वादक शाहिरी फडात वाढलेला. आधी झीलकरी (शाहिराच्या मागे सूर धरणारा), मग ढोलकी आणि हलगी, पुढे गिटार आणि लॅपटॉप. जुनी लोकगीतं नव्या मांडणीत आणायची आणि रंगमंचावर दोघांनीच उभं राहायचं, असं त्यांनी ठरवलं. दोघांचा प्रवासखर्च परवडतो, सात जणांचा परवडत नाही, हे त्यामागचं साधं कारण होतं.

जूनमध्ये एका संस्थेकडून निमंत्रण आलं. डिसेंबरमध्ये बंदिस्त नाट्यगृहात ७५ मिनिटांचा कार्यक्रम, मानधन ३०,००० रुपये. जोडीनं सहा गोष्टी निवडल्या : जात्यावरच्या ओव्या, एक गण (गणेशवंदन), शाहीर तुळशीदासाचा सिंहगडाचा पोवाडा, एक धनगरी ओवी, चौंडकं या तारेच्या वाद्यावरचं एक जोगतिणीचं (यल्लमाला वाहिलेल्या बाईचं) गाणं आणि शेवटी गोंधळ.

दोघांनी मिळून गाणं उभं करणं मराठीत नवीन नाही. उत्तर पेशवाईत होनाजी शिलारखाने रचायचा, बाळा करंजकर गायचा आणि लोक दोघांना एकाच नावानं ओळखायचे. गोंधळात नाईक आणि त्याचा साथीदार एकमेकांना प्रश्न टाकत आख्यान पुढे नेतात. पण होनाजी बाळाच्या मागे फड होता आणि गोंधळ्याच्या मागे संबळ-तुणतुण्यावर हात असलेली माणसं होती. या जोडीच्या मागे कोणी नव्हतं.

अडचण पहिली : झील कोण धरणार

पोवाड्यात शाहीर पुढे आणि मागे निदान दोन झीलकरी, शिवाय ढोलकी, तुणतुणं, झांज, डफ. म्हणजे चार-पाच माणसं लागतातच. झीलकऱ्याचं 'जी जी रं जी' बाहेरून सजावटीसारखं वाटतं, पण त्याच्याकडे तीन कामं असतात. शाहिराला दम घ्यायला तो जागा देतो. ओळीचा शेवट पुन्हा म्हणून मागच्या रांगेपर्यंत शब्द दुसऱ्यांदा पोचवतो. आणि तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं : लय तोच चढवतो. शाहीर गोष्ट सांगण्यात गुंतलेला असतो, झील जराशी पुढे ओढली गेली की पुढचा चौक, म्हणजे पोवाड्याचा पुढचा भाग, आपोआप वरच्या लयीत सुरू होतो.

वादकाकडे त्याच्या घरच्या फडाचं एक जुनं ध्वनिमुद्रण होतं. त्यातली लय मोजली तर पहिला चौक मिनिटाला ९२ ठोक्यांच्या आसपास होता आणि शेवटचा १३८ च्या. अर्ध्या पटीनं वाढलेली ही लय कुठल्याही एका जागी उडी मारत नाही, चौकाचौकानं सरकत जाते.

जोडीनं पहिल्या मांडणीत लूपर घेतला, म्हणजे भरलेला आवाज पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र. पायानं पेडल दाबायचं, दोघांच्या आवाजातली झील तीन थरांत भरायची आणि ती फिरत ठेवायची. आठ मात्रांची झील ९६ च्या लयीत भरली, म्हणजे तिची लांबी बरोबर पाच सेकंद झाली. इथेच गाडी अडली. १३८ ला तीच झील साडेतीन सेकंदांत संपायला हवी आणि लूपर पाचवरून हलत नाही. सॉफ्टवेअरनं आवळायचा प्रयत्न केला तर 'जी' मधला जकार फाटला आणि आवाज पत्र्यासारखा झाला. शिवाय शाहीर पुष्कळदा झील पुरी व्हायच्या आत, ती तोडून पुढची ओळ उचलतो. गायिका मात्र लूप पुरा व्हायची वाट बघू लागली. जो पोवाडा शाहिरानं हाकायचा, तो यंत्र हाकायला लागलं.

अडचण दुसरी : शब्द ऐकू येईनात

ऑगस्टमध्ये साठेक लोकांसमोर चाचणी प्रयोग झाला. टाळ्या भरपूर मिळाल्या. नंतर वादकानं दहा श्रोत्यांना दोन प्रश्न विचारले : लग्न कोणाचं होतं आणि कड्यावर आधी काय चढवलं. पोवाड्यात दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. लग्न तानाजीच्या मुलाचं, रायबाचं आणि कड्यावर चढते ती यशवंत नावाची घोरपड. दहापैकी तिघांना दोन्ही उत्तरं देता आली. कोल्हापुरात तानाजीची गोष्ट कोणाला ठाऊक नाही असं होत नाही, तरी हा आकडा आला. म्हणजे गायलेले शब्द कानापर्यंत गेलेच नव्हते.

कारण ध्वनीच्या मांडणीत होतं. हलगीचा ठोका आधीच भरलेल्या नमुन्यातून वाजत होता. त्याची धार दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात पडत होती आणि क, ट, त, स, च ही व्यंजनं ओळखू येतात तीही साधारण त्याच पट्ट्यात. खाली बेस गिटार, वर हलगी, मधे चिमटलेला आवाज.

या शहरात हलगीला आणखी एक अर्थ आहे. ती कुस्तीच्या मैदानात वाजते, जोतिबाच्या सासनकाठ्यांपुढे वाजते, मिरवणुकीत घुमकं-कैताळ या वाद्यांसोबत वाजते. हलगी कडाडली की कोल्हापूरचा माणूस बसल्या जागी सावरून बसतो. जोडीनं तीच हलगी, हळू का होईना, जात्यावरच्या ओवीखालीही ठेवली होती. समोरचे लोक टाळ्यांनी ठेका धरू लागले आणि ओवीतली बाई काय सांगते आहे ते राहून गेलं.

अडचण तिसरी : गाणं कोणाचं, कुठे म्हणायचं

चौंडक्यावरचं गाणं जोडीनं एका वृद्ध जोगतिणीकडून घेतलं होतं. मोबाइलवर भरून घेतलं, चहा-फराळ झाला, लुगडं दिलं. हे गाणं तिकिटाच्या कार्यक्रमात म्हणणार आहोत, हे सांगायचं राहिलं. चाचणीच्या दोन दिवसांनी कोणीतरी तिला चित्रफीत दाखवली. तिची तक्रार वाद्यांबद्दल नव्हतीच. हे गाणं परडी (देवीची टोपली) भरताना, देवीसमोर म्हणायचं असतं, ते असं उभ्याउभ्या कोणाच्याही पुढे म्हणू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं.

धनगरी ओवीबद्दल आक्षेप वेगळा होता. धनगरांच्या ज्या गजी नाचाच्या मंडळातून ती आली, तिथल्या जाणत्या गायकानं ऐकून सांगितलं की ओवी अर्धीच झाली. धनगरी ओवीत 'सुंबरान मांडिलं' (देवाचं स्मरण) म्हणून सुरुवात होते, काही ओळी गायल्या जातात आणि मग त्याच प्रसंगाची कथा बोलून सांगितली जाते, पुन्हा गाणं, पुन्हा कथा. जोडीनं कथेचे भाग रेंगाळतात म्हणून कापले होते आणि गाण्याचा तुकडा फिरता ठेवला होता. देव डोंगरावरून निघाला आणि पोचलाच नाही, असं काहीसं झालं होतं.

विचारात घेतलेले पर्याय

सप्टेंबरच्या सुरुवातीला जोडीपुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट पूर्ण भरलेल्या ट्रॅकची. सात जणांचा आवाज स्टुडिओत भरायचा, कानात क्लिक (ठेक्याची टिकटिक) घ्यायची आणि त्यावर गायचं. आवाज भरदार येतो, साउंडवाल्याला सोपं जातं, चुकण्याची भीती कमी. पण लय आधीच ठरते आणि श्रोत्यांनी एखाद्या ओळीला दाद दिली तर थांबून ती ओळ पुन्हा घेता येत नाही. पोवाड्यात ओळ पुन्हा घेणं हा कामाचाच भाग आहे. ही वाट त्यांनी सोडली आणि आमच्या मते हा या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय होता.

दुसरी वाट आणखी तीन माणसं घेण्याची. वादकाच्या फडातले झीलकरी तयार होते. हिशेब असा झाला : प्रवास, जेवण, तालमीची जागा आणि वाद्यांची दुरुस्ती मिळून खर्च ११,५०० रुपये, उरले १८,५००. पाच जणांत वाटले तर माणशी ३,७००. तीन महिन्यांच्या तालमीला हे पैसे थोडे आहेत, पण अशक्य नाहीत. तरी जोडीनं नकार दिला, कारण पुढचा प्रत्येक कार्यक्रम पाच जणांच्या तारखा जुळवण्यावर अडला असता. हा नकार पोवाड्यापुरता तरी पुन्हा तपासायला हवा होता. त्याबद्दल पुढे येईलच.

तिसरी वाट पोवाडाच वगळण्याची. दोघांना पेलतात तीच गाणी घ्यायची. यात प्रामाणिकपणा होता, पण कार्यक्रमाचा कणा गेला असता आणि संस्थेनं जाहिरातीत पोवाड्याचं नाव आधीच दिलं होतं.

चौथी वाट वादकानं सुचवली : झील श्रोत्यांकडून घ्यायची. कोल्हापूरच्या माणसाला 'जी जी रं जी' शिकवावं लागत नाही. धोका दोन बाजूंनी होता. श्रोते लाजून गप्प बसले तर पोवाडा उघडा पडणार आणि रंगात आले तर लय ओढून नेणार.

गाण्यांच्या परवानगीबाबतही दोन मतं होती. वादकाचं म्हणणं, लोकगीताला कर्ता नाही, तेव्हा कायद्यानं कोणाची हरकत चालत नाही. तेवढ्यापुरतं ते बरोबर आहे. भारतात शब्दांवरचा हक्क कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकतो आणि ज्याचा कर्ताच कोणाला माहीत नाही अशा पिढीजात गाण्याला ही मोजणी लागू करता येत नाही. तुळशीदासाचा पोवाडा तर ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली छापला, तो केव्हाचा मोकळा आहे. पण गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क असतो : त्याच्या सादरीकरणाचं ध्वनिमुद्रण त्याच्या संमतीशिवाय वापरता येत नाही आणि हा हक्क ५० वर्षं राहतो. जोगतिणीचा मोबाइलवर भरलेला आवाज वादकानं गाण्याच्या सुरुवातीला वाजवायचं ठरवलं होतं. तिथे कायदाही जोडीच्या बाजूनं नव्हता. शिवाय १९८० च्या दशकातल्या एका कॅसेटमधला ढोलकीचा तुकडा त्याला घ्यायचा होता. प्रकाशित ध्वनिमुद्रणावरचा हक्क ६० वर्षं चालतो, म्हणून तो तुकडा गळाला आणि वादकानं स्वतः वाजवून भरला.

गायिकेला मात्र हा प्रश्न कायद्यापाशी संपत नाही असं वाटत होतं. ज्या बाईकडे पुन्हा जायचं आहे, तिला न विचारता तिचं गाणं म्हणता येणार नाही, ही तिची भूमिका. शेवटी तीच टिकली.

काय केलं

आधी त्यांनी प्रत्येक गाण्यासाठी एक पान केलं, मराठीत, हातानं लिहिलेलं. गाणं कोणाकडून आलं, त्यांच्याकडे कोणाकडून आलं, ते कधी आणि कशासाठी म्हणतात, कुठे म्हणायचं नाही, शब्द किंवा चाल बदलली तर चालेल का, रंगमंचावर नाव कसं घ्यायचं. हे पान घेऊन दोघं पुन्हा त्या त्या घरी गेले आणि वाचून दाखवलं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांचं उत्तर त्यांच्याच आवाजात भरून घेतलं.

जोगतिणीनं ते गाणं नाकारलं, पण चौंडकं वाजवायला ना नव्हती. देवीच्या वाटेवर, यल्लमाच्या डोंगराकडे चालत जाताना म्हणायचं दुसरं गाणं तिनं दिलं आणि ते कुठेही म्हणा असं सांगितलं. ते जास्त मोकळं निघालं. चौंडकं बगलेत धरून तार ओढली-सोडली की सूर वरखाली होतो आणि चालण्याच्या लयीवर तो हिंदकळतो. त्याला इतर कसल्याच साथीची गरज नव्हती. वादकानं फक्त झांज ठेवली.

जात्यावरच्या ओवीत सगळ्यात जास्त काढून टाकावं लागलं. ओवीचा पसारा चार-पाच सुरांचा असतो. गायिकेचा गळा तयार, म्हणून तिच्याकडून आपसूक मुरक्या आणि मींड येत होती. आजोळच्या दोघींना ते गाणं म्हणून आवडलं, पण दळताना असं म्हणता येत नाही, हे त्यांनी लगेच सांगितलं. जातं ओढताना छातीवर भार असतो, श्वास खुंट्याच्या फेऱ्याशी बांधलेला असतो, ओळीच्या शेवटी सूर लांबवायला दम उरत नाही. मग गायिकेनं तिथे बसून पायलीभर ज्वारी दळली आणि दळताना ओव्या म्हटल्या. मुरक्या आपोआप गळल्या. रंगमंचावर जातं न्यायचा मोह टाळला. त्याऐवजी जात्याची घरघर त्याच घरात २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर भरली, मायक्रोफोन जात्यापासून हातभर लांब, जमिनीला न टेकवता घडी घातलेल्या घोंगडीवर. पातळी उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ दिली नाही. घरघर हाच ठेका, हलगी नाही. ही घरघर फिरती होती, पण तिला मात्रा नव्हत्या, म्हणून गायिकेला अडसर झाला नाही.

ओवीखाली वादक गिटार धरत होता आणि तिथे एक बारीक घोटाळा होता. त्या ओव्यांतला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधोमध लागतो. गिटारच्या पट्ट्या (फ्रेट) ठरलेल्या. त्यावर मेजर कॉर्ड धरला तर ओवी आनंदी होते, मायनर धरला तर रडवी होते आणि दोन्ही वेळा गाणारीचा गंधार बेसूर वाटतो. वादकानं गिटारवरून गंधार पूर्ण काढला, फक्त षड्ज आणि पंचम ठेवले आणि गिटार गायिकेच्या पट्टीला, काळी चारला, लावून घेतली. जुन्या चालींवर नवी वाद्यं बसवणाऱ्या प्रत्येकानं हे आधी तपासावं. अनेकदा चाल बिघडते ती तालामुळे नाही, या एका सुरामुळे.

धनगरी ओवीत कथा परत आली. गायिकेनं चार ओळी गायच्या, वादकानं ती गोष्ट बोलीतच सांगायची, मधे ढोलावर दोन ठोके. लूपर नाही, गिटार नाही. नऊ मिनिटं. दोघांच्या अंगाला ही रचना मुळातच बसते, कारण ती सवाल-जबाबासारखी दोन तोंडांनी चालते.

पोवाड्यासाठी लूपर ठेवला, पण त्याचं काम बदललं. फिरती झील बंद. झिलेचे सहा वेगवेगळे नमुने भरले, तीन लयींत प्रत्येकी दोन आणि प्रत्येक नमुना पेडल दाबल्यावर एकदाच वाजून थांबेल असा लावला. म्हणजे शाहिराच्या जागी असलेली गायिका ओळ संपवेल तेव्हा वादकानं पायानं झील सोडायची. दोन नमुने यासाठी की एकच आवाज सारखा ऐकला की कान तो यंत्राचा म्हणून ओळखतो. हे नमुने राखीव होते. खरी झील श्रोत्यांची. गणाच्या आधी वादकानं दोन मिनिटं श्रोत्यांकडून ती म्हणवून घ्यायची, हळू आणि जलद अशा दोन्ही लयींत, हे ठरलं. पहिल्या दोन चौकांत नमुना आणि श्रोते एकत्र, तिसऱ्यापासून नमुना बंद. रचना लांब आहे. तिचे निवडक चौक घेऊन १४ मिनिटांत बसवली आणि गाळलेल्या भागाचा दुवा गायिकेनं गद्यात सांगायचं ठरलं.

बेस गिटार पोवाड्यातून गेली. हलगी नमुन्यातून न वाजवता हातानं वाजवायची ठरली आणि तीही फक्त लढाईच्या चौकात. आवाजाच्या चॅनेलवर १२० हर्ट्झच्या खालचं सगळं कापलं. हलगीचा मायक्रोफोन दीड मीटर लांब नेला. तुणतुण्याला चिकटवायचा पिकअप कातड्यावर लावला होता तेव्हा आवाज दबत होता, तो लाकडी अंगावर, खुंटीच्या काठीजवळ लावल्यावर मोकळा झाला.

वादकाच्या घरात एक जुनी दिमडी (हातात धरायचं छोटं चर्मवाद्य) होती, घोरपडीच्या कातड्यानं मढवलेली. आवाज अप्रतिम. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घोरपडीला संरक्षण आहे आणि तिच्या कातड्याचं वाद्य बाळगणंसुद्धा गुन्ह्यात मोडू शकतं. ती बाजूला ठेवली आणि बकऱ्याच्या कातड्याची नवी मढवून घेतली. नवीचा सूर जरा खाली आणि सैल लागतो. गोंधळात संबळ असल्यामुळे ते निभावलं. गोंधळातली आरती गाळली. गोंधळी घराण्यानं ती पूजेशिवाय म्हणू नये असं पानावर लिहून दिलं होतं.

पैशांचं : खर्च वजा जाता उरलेल्या १८,५०० रुपयांचे १५ टक्के, म्हणजे २,७७५ रुपये, गाणी देणाऱ्यांसाठी काढायचं ठरलं. गाणी देणारी घरं चार. प्रत्येकी सातशेही येत नव्हते. मग कोणालाही १,००० पेक्षा कमी द्यायचे नाहीत असा नियम केला आणि ४,००० रुपये बाजूला काढले. पुढच्या प्रत्येक कार्यक्रमाला तोच नियम.

कार्यक्रमात काय झालं

कार्यक्रम ७५ ऐवजी ६८ मिनिटांचा झाला. लूप काढल्यामुळे गाणी आखूड झाली होती आणि जोडीनं ती भरून काढायचा प्रयत्न केला नाही.

झील श्रोत्यांनी धरली. दुसऱ्या चौकात मागच्या रांगा पुढच्यांपेक्षा अर्धी मात्रा उशिरा येत होत्या, मोठ्या नाट्यगृहात हे व्हायचंच. वादकानं झांज वाजवायची जागा बदलली, मायक्रोफोनपासून दूर होऊन रंगमंचाच्या कडेला येऊन हात वर करून वाजवली. डोळ्यांनी ठोका दिसल्यावर मागचे लोक जुळले. लय शेवटच्या चौकात १४४ पर्यंत गेली, ठरल्यापेक्षा वर. गायिकेचे दोन शब्द गिळले गेले, पण झील लांबली होती म्हणून तिला दम घ्यायला जागा मिळाली. झीलकऱ्याचं काम झालं.

हलगीनं दगा दिला. सराव एका तालीम मंडळाच्या वरच्या मजल्यावर झाला होता, तिथे शेगडी पेटवून कातडं शेकता येत होतं. नाट्यगृहात आग चालत नाही आणि एसीचा गारवा. कार्यक्रमाआधी शेकून आणलेली हलगी चाळीस मिनिटांत उतरली. लढाईचा चौक आला तेव्हा ती बदबद वाजू लागली. वादकानं दोन ठोके टाकून ती खाली ठेवली आणि ढोलकी उचलली.

नंतर पुन्हा दहा श्रोत्यांना तेच दोन प्रश्न विचारले. आठ जणांना दोन्ही उत्तरं आली. हे दहा जण पहिले दहा नव्हते, त्यामुळे तुलना ढोबळ आहे, पण दिशा कळते.

संस्थेचं समाधान पूर्ण झालं नाही. त्यांना ड्रम, दिवे आणि शेवटी सगळ्यांनी उठून नाचावं असं काही हवं होतं. पुढच्या वर्षीचं निमंत्रण आलं नाही. दोन महाविद्यालयांकडून आलं, दोन्ही महाविद्यालयांचं मिळून मानधन या एका कार्यक्रमापेक्षा कमी. जोगतीण आली होती, दुसऱ्या रांगेत बसली. नंतर तिनं गायिकेला चौंडक्याची तार फार ताणतेस म्हणून दाखवून दिलं आणि आणखी एक गाणं सांगितलं.

काय वेगळं करता आलं असतं

गाण्याचं पान चाचणीच्या आधी करायला हवं होतं. जूनमध्ये चार घरी जाऊन दोन-दोन तास बसले असते तर सप्टेंबरचा अख्खा महिना वाचला असता. एक गाणं बसवून, भरून, दाखवून मग सोडून द्यावं लागलं, आणि चित्रफीत आधीच फिरत होती. ती काढून टाकायला सांगितली तरी दोन ठिकाणी अजून आहे. हे नुकसान भरून येणारं नाही.

लूपर घेताना आधी लय मोजायला हवी होती. वादकाकडे घरच्या फडाचं ध्वनिमुद्रण पहिल्या दिवसापासून होतं. घड्याळ लावून पहिला आणि शेवटचा चौक मोजायला दहा मिनिटं लागतात. ज्या गाण्याची लय दहा टक्क्यांहून जास्त सरकते त्याला फिरता लूप लावू नये, असा नियम जोडीनं आता केला आहे. ओवीची घरघर किंवा तंबोऱ्यासारखा अखंड सूर याला अपवाद.

हलगीसाठी तीन उपाय होते. दोन हलग्या शेकून आणायच्या आणि दुसरी जाड सुती कापडात गुंडाळून ठेवायची. विंगेत विजेची शेगडी ठेवून नाट्यगृहाच्या व्यवस्थापकाची आधी परवानगी घ्यायची, कातडं वीतभर लांब धरून फिरवायचं. नाहीतर नटबोल्टची, प्लास्टिकच्या पानाची हलगी घ्यायची, तिचा कडाका राहतो पण घुमारा जातो. आम्ही दोन हलग्यांचा मार्ग धरला असता. जोडीनं पुढच्या कार्यक्रमाला शेगडीचा धरला आणि तोही पुरला नाही, शेवटी दोन्ही करावं लागलं.

संस्थेशी बोलणंही अपुरं झालं. पत्रातल्या 'आधुनिक रूपात' या शब्दांचा दोन्ही बाजूंनी आपापला अर्थ घेतला. चाचणीनंतर मांडणी पूर्ण बदलली, तेव्हा नव्या मांडणीतली दहा मिनिटं भरून संस्थेला ऐकवायला हवी होती. कदाचित त्यांनी नकार दिला असता. तो ऑक्टोबरमध्ये मिळालेला बरा.

आणि झीलकऱ्यांचा प्रश्न सुटलेला नाही. नाट्यगृहात श्रोत्यांनी तो सोडवला. पण फेब्रुवारीत जोडी पोवाडा भरायला स्टुडिओत गेली तेव्हा समोर कोणी नव्हतं. नमुने लावून भरलेला पोवाडा त्यांनी स्वतःच नापसंत केला. कार्यक्रमातल्या श्रोत्यांचा आवाज वापरायचा विचार झाला, पण त्यात हलगी उतरल्याचा भाग आणि खुर्च्यांची करकर होती. वादकाच्या फडातल्या तीन झीलकऱ्यांना बोलवायचं, एका दिवसाचे प्रत्येकी १,५०० रुपये द्यायचे आणि क्लिक न लावता पाचही जणांनी एकाच खोलीत, एकदम, चौकाचौकानं गायचं, असं ठरलं आहे. तारखा अजून जुळलेल्या नाहीत. एक झीलकरी जोतिबाच्या चैत्र यात्रेला सासनकाठीबरोबर असतो, तो परत आल्यावर बघायचं.